आबा पेशकारांचा तिसरा नग

आबा पेशकार बाहुली घ्यायला निघाले की आमच्या गल्लीतली माणसं हातातलं काम टाकून त्यांच्या मागं जायची. खोटं वाटेल, पण असंच होतं. निजामाच्या राज्याची ती शेवटची दहा-बारा वर्षं. मी चाकूरची पोर, लग्न होऊन नांदेडात नदीकडच्या गल्लीत आले होते. नव्या सुनेला तमाशा बघायला बाहेर कोण जाऊ देतंय? पण आमच्या मागल्या दारातून कडुनिंबाखालचं नरसय्याचं छप्पर सरळ दिसायचं आणि तिथलं बोलणंही ऐकू यायचं. मी भांडी घेऊन तिथंच बसायची. "एकच पातेलं किती वेळ घासून राहिलीस गं, भोक पडंल त्याला," म्हणून सासूबाईंची बोलणी लई खाल्लीत मी.

आबा मुन्सफाच्या, म्हणजे न्यायाधीशाच्या, कचेरीत पेशकार होते. मुन्सफापुढं एकेक कागद मांडायचा, कुणाची पेशी आहे ते पुकारायचं, कुणाला पुढची तारीख द्यायची ते लिहायचं, हे त्यांचं काम. दिवसभर उर्दूत लिहायचे, उर्दूत बोलायचे, आणि घरी आले तरी ती कचेरी काही अंगावरून उतरायची नाही. भाजीत मीठ जास्त पडलं तर बायकोला म्हणायचे, "यशोदे, वांग्याचं बयान घे. काय म्हणणं आहे त्याचं?" यशोदाकाकू आतूनच म्हणायच्या, "त्याचं म्हणणं हाय, गुमान जेवा." भिंतीपलीकडं मला हसू आवरायचं नाही. उंच, काटकुळा माणूस. शेरवानीची वरची गुंडी उन्हाळ्यातसुद्धा लावलेली आणि चालताना दोन्ही हात पाठीमागं बांधलेले.

आता बाहुल्यांचं सांगते. आमच्याकडं भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, तीन दिवसांच्या. त्यांच्यापुढं पायऱ्या करून आरास मांडायची आणि त्या पायऱ्यांवर मातीच्या बाहुल्या ठेवायच्या. वाणी, शिपाई, दळण दळणारी बाई, हत्ती, मोर. हळदीकुंकवाला आलेल्या बाया आधी महालक्ष्मीला हात जोडायच्या आणि मग डोळे बारीक करून आरास बघायच्या, औंदा ह्यांच्याकडं नवीन काय. बाजारात ढिगानं मिळणाऱ्या बाहुल्या कुणीही आणायचं. पण नरसय्याचा नवा नग ज्या घरात असेल त्या घराची बात वेगळी.

नरसय्या धर्माबादेकडचा, तेलुगू माणूस. आषाढात यायचा, नदीकाठी छप्पर घालायचा आणि महालक्ष्म्या उठल्या की परत जायचा. नेहमीचे हत्ती-घोडे तो वाटेल तेवढे काढायचा. पण दरसाल एक नवी बाहुली घडवायचा, तिचा मातीचा साचा करायचा आणि त्या साच्यातून फक्त पाच नग काढायचा. पाच झाले की साचा गोदावरीत. कुणी कितीही गळ घातली तरी सहावा नाही. "आमचा नायना सांगून गेला," म्हणायचा, "सहावा काढला की हाताला लोभ सुटते." नायना म्हणजे त्याचा बाप. मग त्या पाचांसाठी गल्लीगल्लीत चुरस लागायची.

त्या पाचांतही आबांचा आपला एक कायदा होता. वर्षाला एकच बाहुली घ्यायची आणि तीसुद्धा तिसरा नग. "पहिल्या नगात कारागिराची भीती असते," ते सांगायचे, "पाचव्यात त्याचा कंटाळा. हात बसतो तो तिसऱ्याला." दुसरा का नको, चौथा का नको, असं विचारायची कुणाची टाप नव्हती. पहिला नग सुकून रंगला की नरसय्या निरोप धाडायचा. आबा जायचे, तो हातात घेऊन उजेडात फिरवायचे, साच्याच्या दोन भागांची जोडरेघ नखानं चाचपायचे, आणि सुनावणी सुरू व्हायची. एका सालच्या हत्तीची अशीच सुनावणी झाली. "ह्या हत्तीचं म्हणणं काय, तर मी चालून राहिलो. मग चारही पाय जमिनीला टेकलेले कसे? खोटी साक्ष!" माणसं खो खो हसायची. नरसय्याही हसायचा, पण रात्रीतून साच्यात बोट फिरवून पाय नीट करायचा. मग तिसरा नग आला की आबा दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, "फैसला मंजूर."

अशा बावीस बाहुल्या होत्या त्यांच्याकडं. एकदा लातूरचा एक बडा व्यापारी त्यांची आरास बघायला आला. त्याच्याकडं म्हणे दोनशे होत्या. त्यानं आबांच्या सगळ्या बावीस मागितल्या, म्हणेल ती किंमत देतो म्हणाला. आबांनी त्याला पाट दिला, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्या दोनशेतली तुमची लाडकी कोणती?" व्यापारी आठवायला लागला. बराच वेळ आठवत बसला बिचारा. आबा म्हणाले, "मुकदमा खारीज. आणि शेटजी, महालक्ष्मीपुढं एकदा बसलेली वस्तू घराबाहेर जात नसते. तिच्यासंगं घरची लक्ष्मी जाते. तुमच्याकडं नाही का हा रिवाज?" हा रिवाज आमच्या सगळ्याच घरांत होता. बसलेली बाहुली विकायची नाही, द्यायची नाही, लेकीच्या घरीसुद्धा धाडायची नाही.

आबांना एकच पोर. कमळ. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली, तेव्हा सहा-सात वर्षांची होती. सावळी, किरकोळ, आणि कान असे बाहेर आलेले की बाया तिला बघून आधी हसायच्या आणि मग जवळ घ्यायच्या. काकू बिचाऱ्या ते कान वेण्यांखाली दडवायच्या. वेण्या सुटायच्या आणि कान परत बाहेर. ती दिवस दिवस नरसय्याच्या छपराखाली बसायची. उकिडवी, हनुवटी गुडघ्यावर, एका हातात आपलीच वेणी धरलेली. एकदा बसली की हलायची नाही. नरसय्या तिला तेलुगूत काहीबाही विचारायचा आणि ती आपल्या मराठीत उत्तरं द्यायची. दोघांचं काय जमायचं देव जाणे.

त्या श्रावणात नरसय्याचा नवा नग निघाला तो हाच. उकिडवी बसलेली पोर. हनुवटी गुडघ्यावर, वेणी हातात. आबांना निरोप गेला. कमळ त्यांचं बोट धरून उड्या मारत गेली, आणि बाहुली बघितल्याबरोबर ओरडली, "बाबा, मी! ही मी हाय!"

मी मागल्या दारात होते. सगळं बघितलं, सगळं ऐकलं. आबांनी बाहुली दोन बोटांत धरून उजेडात फिरवली. नरसय्या कधी नव्हे तो उभा राहिला होता. आबा म्हणाले, "बैठक चांगली. हात चांगला. पण नरसय्या, कान फार बाहेर आलेत. साचा नवा आहे ना, ओढला गेला. बसव जरा."

"बाबा, घ्या की," कमळ म्हणाली. "आत्ताच घ्या की."

"तिसरी घेऊ, बाळ. तिसरीत सगळं बसलेलं असतं."

"मला हीच पाहिजे."

"पुढची तारीख," आबा हसत म्हणाले. माणसंही हसली. कमळ काही हसली नाही. परत जाताना तिनं बापाचं बोट धरलं नाही, हे मला अजून आठवतं.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी तो पहिला नग घेतला. "पेशकारांनी टाकला? टाकू देत. मला आवडला," म्हणाल्या. ठसक्यानंच घेतला, खरं सांगायचं तर. आबांनी नाकारलेला नग मिरवण्यात त्यांना मजा होती. दुसऱ्या दिवसापासून कमळ आमच्याकडं यायला लागली. कोनाड्यापुढं बसायची, अगदी त्या बाहुलीसारखीच. "काकी, आमचे बाबा तिसरी आणणार हायत," मला सांगायची. "मग ही तुमच्याकडची मी अन् ती आमच्याकडची मी." मी तिला गूळ-शेंगदाणे द्यायची. ती आधी दोन दाणे बाहुलीपुढं ठेवायची आणि मग आपण खायची. असे सात-आठ दिवस गेले असतील.

मग गल्लीत पटकी आली. कमळ दीड दिवसात गेली.

ह्याहून जास्त मला त्याबद्दल सांगता येत नाही. काकूंचा आवाज भिंतीपलीकडून यायचा आणि मी कानांत बोटं घालून चुलीपाशी बसायची. आबांचा आवाज मात्र आला नाही.

पेशकारांना सुतक. त्या साली त्यांच्या महालक्ष्म्या बसल्याच नाहीत. आमच्या बसल्या, कारण तीन दिवसांच्या पाहुण्या काही कुणासाठी थांबत नाहीत. आणि सासूबाईंनी ती बाहुली आराशीत मांडली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं हो. नवा नग होता, मांडायचाच असतो, मांडला. मी तरी कुठं अडवलं?

सुतक फिटलं आणि आबा नरसय्याकडं गेले. तो अजून गावाकडं परतला नव्हता. मी दारातच होते. त्यांच्या अंगावर शेरवानी नव्हती, नुसता सदरा होता. नरसय्यानं कोपऱ्यातून एक नग काढून पुढं केला. "साहेब, तुमचा तिसरा. ठेवला मी. बाकी चारही गेले, हा कुणाला दिला नाही."

आबांनी तो दोन्ही हातांत घेतला. उजेडात वगैरे काही धरला नाही. बघत राहिले आणि मग विचारलं, "ही कुणाची पोर?"

नरसय्या गडबडला. "कमळाच आहे, साहेब. तुम्हीच बोलला ना, कान भायेर आले म्हणून. दुसऱ्यापासून मी साच्यातला कान बुजवून टाकला."

किती सुरेख होता तो तिसरा नग! जोडरेघ दिसत नव्हती, रंग एकसारखा, कान कसे डोक्याला लागून बसलेले. आबांच्या कायद्यात बसणारा, कुठं बोट ठेवायला जागा नाही. फक्त त्यात त्यांची कमळ नव्हती. त्यांनी तो हलकेच परत पाटावर ठेवला. नरसय्या आपली मूठ तोंडावर मारून घ्यायला लागला. "मी करतो, साहेब. साचा नाही तर नाही. हातानं करतो. नायनाचा हुकूम मोडतो." आबांनी त्याचा हात धरला. "तुझी काय चूक? दुरुस्ती मी सांगितली," एवढंच म्हणाले आणि तिथून सरळ आमच्या पुढल्या दाराशी आले.

उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. "वहिनी, एक अर्जी आहे," म्हणाले. सासूबाईंना कळलं. त्या खाली बसल्या. मला वाटलं, आता उठतील, पेटीतून काढतील आणि देतील. नाही दिली. "भावजी, काल-परवाच लक्ष्मीपुढं बसली हो ती," म्हणाल्या. "चार दिवस आधी मागितली असती तर हसत दिली असती. मी एकदा बसलेली समई नणंदेला दिली होती, अन् त्याच साली माझा थोरला गेला. आता माझ्या हातून व्हायचं नाही. तुम्ही काय मागाल ते मागा, पण हे नका मागू." आणि रडायला लागल्या.

दुसरा कुणी असता तर भांडला असता. पायावर डोकं ठेवलं असतं. हा माणूस उभ्या जन्मात कायद्याच्या बाजूला उभा राहिलेला. त्यानं मान हलवली. "दुरुस्त आहे, वहिनी," म्हणाले. "चार दिवस आधी यायला पाहिजे होतं." आणि गेले. मला त्या दिवशी सासूबाईंचा राग आला, आबांचा त्याहून जास्त आला. अहो, भांडा की! एका मातीच्या गोळ्यासाठी रिवाज मोडला तर काय आभाळ कोसळणार होतं? पण हे मी मनातल्या मनात बोलले. तोंड उघडायची हिंमत मलाही नव्हतीच.

त्यानंतर आबांनी एकही बाहुली घेतली नाही. कचेरीत जाताना नरसय्याचं छप्पर लागू नये म्हणून लांबच्या रस्त्यानं जायचे. काकू महालक्ष्म्या बसवायच्या, पण पुढं आरास नाही, नुसता पाट. आणि दरसाल महालक्ष्मीच्या दुसऱ्या दिवशी, बायांची गर्दी ओसरली की आबा आमच्याकडं यायचे. सासूबाई त्यांच्यासाठी ती बाहुली सगळ्यात खालच्या पायरीवर पुढं आणून ठेवायच्या. आबा हात पाठीमागं बांधून उभे राहायचे आणि बघायचे. आराशीला हात लावायचा नसतो, त्यांनी कधी लावला नाही. मी प्रसादाचं ताट आणायची. ते एक घास खायचे, "सूनबाई, पुरण छान झालंय," म्हणायचे आणि जायचे. वर्षात तेवढीच भेट. तिसऱ्या दिवशी आरास उतरायची आणि बाहुल्या वर्षभरासाठी पेटीत जायच्या, घरोघरी तसंच असतं.

सातव्या साली सासूबाई गेल्या आणि घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला आल्या. आता मी देऊ शकत होते. कुणाला विचारायचं नव्हतं. नवरा माझा भोळा सांब, तो काय अडवणार? पण माझ्या पदरात तेव्हा दोन पोरं होती. धाकट्याला जरा ताप आला की मला ती समई आठवायची. पुढच्या साली देऊ, म्हणायची. ह्याला जरा मोठं होऊ दे, मग देऊ. सासूबाईंना नावं ठेवणारी मीच ती. मला त्याची लाज वाटते, अजून वाटते. ते साल असंच गेलं. आबा आले, उभे राहिले, पुरणाला छान म्हणाले आणि गेले.

मग ते वाईट दिवस आले. गावागावांत धाक पसरला, आज काय जळलं, उद्या कुणावर येणार, ह्याशिवाय बोलणं नाही. माणसं घरांना कुलपं लावून पैनगंगेपलीकडं, निजामाच्या हद्दीबाहेर, उमरखेडला निघाली. आबांनी कचेरी सोडल्याचं ऐकलं, आणि दोन दिवसांनी सकाळी त्यांच्या दारात बैलगाडी उभी राहिली. आम्ही मागं राहणार होतो, नवऱ्याचं दुकान होतं. मी गाडी बघितली. लक्ष्मी जाते की राहते, पोरांचं काय होतं, काही मनात आलं नाही. बाहुली काढली, पदराखाली घेतली आणि तशीच धावत गेले.

आबा ओट्यावर बसले होते. मी ती त्यांच्यापुढं धरली. "आबा, घ्या ही. तुमची हाय. लई उशीर केला मी."

त्यांनी आधी बाहुलीकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. "सूनबाई, पोरं बरी आहेत ना?"

"बरी हायत."

मग त्यांनी ती घेतली, दोन्ही हातांनी. मांडीवर ठेवली. अंगठा त्या कानांवरून फिरवला, एकावरून, मग दुसऱ्यावरून. काकू बोचकं घेऊन बाहेर आल्या, बघितलं, बोचकं तिथंच टाकलं आणि त्यांच्या शेजारी बसल्या. गाडीत सामान चढत होतं. त्यांच्या बावीस बाहुल्या आत कुलपात राहिल्या होत्या, त्यांचं दोघांनाही काही नव्हतं.

"आबा, चला बिगीबिगी," गाडीवान ओरडला. "ऊन व्हायच्या आत लांब जायाचं हाय."

आबा उठले आणि त्यांनी बाहुली माझ्या हातात परत दिली.

"अहो, न्या की!" मी जवळजवळ ओरडलेच.

"कशी नेऊ? मातीची आहे. ही वाट, ही गाडी, कुठं उतरवतील, कोण धक्का देईल. तुकडे होतील तिचे." ते म्हणाले. "एकदा माझ्या हातानं टाकली मी हिला, सूनबाई. आता माझ्याच हातात फुटायला नको."

"काकू, तुम्ही तरी मांडीवर धरा!"

काकूंनी मान हलवली. दोन्ही हात त्यांनी पदरात गुंडाळून घेतले. "माझ्याच्यानं व्हायचं न्हाई गं," म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

आबाही चढले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. ते परत आले नाहीत. पुढच्याच साली उमरखेडला गेले, असं आम्हाला मागाहून कळलं. पण त्या सकाळी गाडी हलली, चार पावलं गेली आणि आबांनी गाडीवानाच्या खांद्यावर हात ठेवून ती थांबवली. मी धावत जवळ गेले. मला वाटलं, विचार बदलला.

ते खाली वाकले. "सूनबाई, आरास उतरली की हिला कुठं ठेवता?"

"पेटीत, आबा. कापसात गुंडाळून. मोठ्या कुलपाच्या पेटीत, काही होत न्हाई तिला."

"हां," ते म्हणाले. मग हळू आवाजात, काकूंना ऐकू जाऊ नये असं म्हणाले, "पेटीत नका ठेवू. अंधाराला भिते ती."

आठ वर्षं आम्ही तिला पेटीत ठेवत होतो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यांनी एकदाही तोंडातून शब्द काढला नव्हता.